लघवी, लाळ की केस: शाळेतल्या रँडम ड्रग टेस्टिंगसाठी काय निवडावं?

अमेरिकेतल्या एखाद्या स्कूल बोर्डापुढे रँडम ड्रग टेस्टिंगचा, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांच्या अमली पदार्थ चाचणीचा, विषय आला की भांडण रंगतं ते 'करावं की करू नये' यावर. सॅम्पल कशाचं घ्यायचं हे बैठक उरकता उरकता ठरतं, आणि बहुतेक वेळा टेस्टिंग कंपनीच्या कोटेशनमध्ये पहिल्या ओळीत जे असेल तेच ठरतं. नर्स, कोच आणि मुलं वर्षभर निस्तरत बसतात ते नेमकं हेच. म्हणून हा आढावा फक्त सॅम्पलपुरता.

कायद्याची चौकट तुम्हाला माहीत असेलच. १९९५ मध्ये व्हर्नोनिया शाळेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संशय नसतानाही टेस्टिंग करायची मुभा दिली, पण ती खेळाडूंपुरती होती. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या टेकम्से शाळेच्या खटल्यात तीच मुभा बँड, क्वायर अशा इतर स्पर्धात्मक उपक्रमांनाही मिळाली. तुमच्या राज्याची घटना काय म्हणते ते मात्र आधी वकिलाला विचारा. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असं संशयाविना टेस्टिंग राज्यघटनेच्या आधारे नाकारलं आहे, आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने २००३ मध्ये 'खरी गरज आहे हे आधी दाखवा' असं बजावलं आहे.

व्हर्नोनिया आणि टेकम्से या दोन्ही गाजलेल्या खटल्यांत चाचणी लघवीची होती. त्यामुळे पॉलिसीचे मसुदे त्यांच्यावरूनच उतरवलेले दिसतात आणि लघवी हीच जणू कायदेशीर पद्धत, असा समज होतो. तसं नाही. त्या काळी हाताशी असलेली पद्धत ती होती, इतकंच. लाळेच्या चाचणीची फेडरल कर्मचाऱ्यांसाठीची नियमावली २०२० मध्ये लागू झाली आणि फेडरल वाहतूक खात्याने (चालक, वैमानिक वगैरेंच्या चाचणीसाठी) लाळेला २०२३ मध्ये परवानगी दिली.

केसांचा निकाल आधी लावून टाकतो. डोक्याच्या मागच्या बाजूने, टाळूलगत कापलेल्या शंभर-सव्वाशे केसांतून साधारण ९० दिवसांचा इतिहास दिसतो. केस महिन्याला अर्धा इंच वाढतो, म्हणून दीड इंच पुरतो. ऐकायला भारी वाटतं, पण रँडम टेस्टिंगच्या हेतूशी हे नीट बसत नाही. सप्टेंबरच्या सॅम्पलमध्ये जुलै येतो, म्हणजे मुलाने आणि पालकांनी संमतीपत्रावर सही करायच्या आधीचे दिवस. उलट गेल्या आठवड्यातलं काहीच दिसत नाही, कारण टाळूखालचा केस वर यायला पाच ते दहा दिवस जातात. एकदा पॉझिटिव्ह आलेल्या मुलाने सगळं सोडलं तरी पुढचे तीन महिने तोच केस तीच साक्ष देत राहतो. झीरो कट मारलेल्या कुस्तीगिराचं काय करायचं, हा आणखी एक प्रश्न. छातीचे किंवा पायाचे केस घेता येतात, पण त्यांतून काळ नीट ठरत नाही, आणि पोहणाऱ्या मुलांकडे तेही नसतात. कोकेन आणि अँफेटामिनसारखी द्रव्यं काळ्या केसांतल्या रंगद्रव्याला जास्त चिकटतात. सगळ्या वंशांची मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये ही तक्रार आज ना उद्या बोर्डापुढे येणारच. पालक स्वतःहून मागत असतील तर ठीक, पण शाळेने या फंदात पडू नये असं मला वाटतं.

खरी निवड लघवी आणि लाळ यांच्यातली.

लघवीची बाजू मजबूत आहे, ते नाकारून चालणार नाही. खर्च कमी, लॅब भरपूर, कटऑफ (ज्या आकड्यापासून पॉझिटिव्ह धरतात तो) वर्षानुवर्षं पक्के झालेले. गांजासाठी स्क्रीनिंगला (प्राथमिक चाचणीला) मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम आणि कन्फर्मेशनला (लॅबच्या पक्क्या चाचणीला) १५. कोकेन, अँफेटामिन दोन-तीन दिवस सापडतात. गांजा क्वचित घेणाऱ्यात साधारण तीन दिवस आणि रोज घेणाऱ्यात काही आठवडे दिसतो. शुक्रवारी रात्रीच्या पार्टीचा सोमवारी पत्ता लागण्याची शक्यता इथेच जास्त. झॅनॅक्ससारख्या चिंतेवरच्या गोळ्या लाळेत फार कमी उतरतात, त्या लघवीत बऱ्या पकडल्या जातात. आणि स्टिरॉइडसाठी तर लघवीच लागते. (अर्थात टेक्सासने शालेय खेळाडूंसाठी २००८ मध्ये सुरू केलेला स्टिरॉइड टेस्टिंगचा खटाटोप २०१५ मध्ये गुंडाळला, हेही लक्षात असू द्या.)

घोडं अडतं ते बाथरूमच्या दारात.

पद्धत काय, ते पाहा. सॅम्पलमध्ये काही मिसळता येऊ नये म्हणून कमोडच्या टाकीत निळा रंग टाकायचा, नळ बंद करायचा, साबण उचलून ठेवायचा. मॉनिटर, म्हणजे देखरेख करणारा मोठा माणूस, त्या मुलाच्या किंवा मुलीच्या लिंगाचाच हवा, आणि टेकम्सेच्या पॉलिसीत तर त्याने दाराबाहेर उभं राहून आवाज ऐकायचा होता. कप हातात आला की चार मिनिटांच्या आत त्यावरच्या पट्टीचं तापमान वाचायचं. ते ९० ते १०० अंश फॅरनहाइटच्या मध्ये हवं. सॅम्पल तळाशी चमचाभरच असेल तर ते पट्टीपर्यंत पोचत नाही आणि लगेच गारही होतं. पट्टीवर काहीच उमटत नाही आणि एका निर्दोष मुलीकडे सगळे संशयाने बघू लागतात.

आता पंधरा वर्षांची मुलगी घ्या. दुसऱ्या तासाला बोलावणं आलं, दाराबाहेर ओळखीच्या शिक्षिका उभ्या, आणि लघवी होत नाही. यात अजब काहीच नाही, मोठ्यांचंही होतं. मोठ्यांसाठी वाहतूक खात्याचा नियम असा: तीन तास थांबवायचं आणि त्या वेळात जास्तीत जास्त ४० औंस, म्हणजे साधारण १.२ लिटर पाणी द्यायचं. शाळा हा नियम जसाच्या तसा उचलतात. त्यात मुलीचे तीन-चार तास बुडतात, आणि ती नर्सच्या खोलीत पाण्याची बाटली घेऊन बसलेली येणारे-जाणारे सगळे पाहतात. गुप्ततेचे तिथेच बारा वाजतात.

पुढचा भाग आणखी वाईट. इतकं पाणी प्यायल्यावर शेवटी जे सॅम्पल मिळतं ते पाण्यासारखं पातळ असतं. लॅब त्यातलं क्रिएटिनिन मोजते. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.००३ च्या खाली गेली की रिपोर्टवर 'डायल्यूट' (पातळ) असा शेरा पडतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हणून लहान चणीच्या, मांस न खाणाऱ्या मुलीचं ते मुळातच कमी असतं आणि तिचं सॅम्पल फुटबॉल टीममधल्या धिप्पाड लाइनबॅकरच्या आधी डायल्यूट होतं. त्यात दिवसभर पाणी प्या असं कोच बजावत असतोच. काही पॉलिसींत दुसऱ्यांदा डायल्यूट म्हणजे 'टाळाटाळ' आणि टाळाटाळ म्हणजे पॉझिटिव्ह, असं लिहिलेलं असतं. आपणच पाणी पाजायचं आणि आपणच पाणी प्यायलीस म्हणून पकडायचं! ज्याला खरंच फसवायचं आहे तो कृत्रिम लघवीची बाटली हँडवॉर्मरला बांधून नेतो आणि त्याचं क्रिएटिनिन अगदी व्यवस्थित येतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

बाकीचे सगळे मुद्दे मी इकडे-तिकडे करायला तयार आहे. माझ्यापुरता निकाल लागला तो या एका साखळीने.

लाळेला यातलं काही लागत नाही. नर्सच्या खोलीत दोन खुर्च्या पुरतात. आधी तोंड उघडून दाखवायचं. च्युइंगम, गोळी काहीही नको. मग दहा मिनिटं काही न खाता-पिता समोर बसवायचं. ही दहा मिनिटं घाईत गाळली जातात आणि इथेच चूक होते, कारण नुकतीच भरलेली चूळ किंवा गोळीचा रस सॅम्पल बिघडवतो. नंतर पॅडची काडी गालात किंवा जिभेखाली धरायची, चावायची नाही. दांड्यावरची खिडकी निळी झाली की एक मिलिलिटरच्या आसपास लाळ जमली. ओलसर झालं म्हणून आधीच काढलं तर लॅब 'अपुरं' म्हणून परत पाठवते. पॅड बाटलीत, सील, सीलवर मुलाची आद्याक्षरं. पंधरा-वीस मिनिटांत मूल वर्गात परत. सगळं डोळ्यांदेखत होत असल्यामुळे अदलाबदलीला वावच नाही.

अडचणी इथेही आहेत. एडीएचडीच्या (एकाग्रतेच्या विकारावरच्या) गोळ्यांनी, गांजाने किंवा नुसत्या धास्तीने तोंड कोरडं पडतं. मग पॅड पाच-सात मिनिटं धरावा लागतो. ताज्या लाळेत थोडा वेळ आजूबाजूच्या धुराचा अंशही येऊ शकतो, म्हणून स्क्रीनिंगला ४ आणि कन्फर्मेशनला २ नॅनोग्रॅमचा कटऑफ पाळणारी लॅबच घ्या. सगळ्यात मोठी उणीव म्हणजे मुदत: गांजा साधारण एक दिवस, बाकीचं एक-दोन दिवस. शुक्रवारची पार्टी सोमवारी लाळेत बहुधा सापडणार नाही.

ही उणीव वाटते तेवढी जड नाही, असं माझं मत. मुलाला थोपवते ती 'आपलं नाव निघेल' ही भीती, आणि त्याचं गणित सोपं आहे. व्हर्नोनियासारखी दर आठवड्याला १० टक्के नावं काढली तर बारा आठवड्यांच्या सीझनमध्ये एखाद्याचं नाव एकदा तरी निघण्याची शक्यता ७२ टक्के होते. महिन्यातून एकदा ५ टक्के काढली तर नऊ महिन्यांत जेमतेम ३७ टक्के. लघवीच्या कार्यक्रमात बाथरूम आणि मॉनिटर यांची जुळवाजुळव करताना शाळा हळूहळू दुसऱ्या प्रकाराकडे घसरते. लाळेत पहिला प्रकार झेपतो. शिवाय जेवणाच्या सुट्टीत गांजाचा व्हेप ओढून सरावाला आलेला मुलगा लाळेत लगेच सापडतो. लघवीत तो अंश उतरायला काही तास जातात. मैदानावर इजा होऊ नये हेच व्हर्नोनियातलं एक कारण होतं ना?

आणखी एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. टेकम्सेच्या पॉलिसीत पहिल्या पॉझिटिव्हनंतर मुलाला उपक्रमात राहायचं असेल तर समुपदेशन आणि दोन आठवड्यांत दुसरी चाचणी होती. रोज गांजा ओढणाऱ्या मुलाने त्या दिवसापासून खरोखर सोडला, तरी दोन आठवड्यांनी त्याची लघवी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याने शब्द पाळला आणि शिक्षाही भोगली. लघवीच वापरणार असाल तर दोन्ही वेळा गांजाचा आकडा क्रिएटिनिनने भागून मागवा. गुणोत्तर उतरत असेल तर जुनाच अंश, चढलं तर बहुधा नवीन सेवन. लाळेत हा घोळ सहसा होत नाही.

झटपट निकालाच्या पट्ट्यांबद्दल, मग त्या कपावरच्या असोत की लाळेच्या, एकच सांगतो. त्या द्रव्यापुढची रेघ उमटली म्हणजे निगेटिव्ह, मग ती कितीही फिकट असो. नवशिक्या माणसाला फिकट रेघ 'थोडंसं पॉझिटिव्ह' वाटते आणि घरी फोन जातो. वाचण्याची वेळ टळल्यावर पट्टी बघूच नका. रेघ नसेल तरी लॅबच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचा (पक्क्या चाचणीचा) निकाल येईपर्यंत कोणालाही काही सांगू नका. सर्दीची स्यूडोएफेड्रिनची गोळी स्क्रीनिंगमध्ये अँफेटामिन म्हणून दिसू शकते. कन्फर्म झालं तरी ते एडीएचडीवरचं अ‍ॅडरॉल असू शकतं, डॉक्टरने लिहून दिलेलं. म्हणून औषधांची यादी शाळेने आधी गोळा करू नये. लॅब पॉझिटिव्ह आल्यावर मेडिकल रिव्ह्यू ऑफिसरने (निकाल तपासणाऱ्या डॉक्टरने) थेट पालकांना विचारावं. टेकम्सेच्या खटल्यात, औषधांच्या याद्या इतर मुलांच्या नजरेस पडतील अशा ठेवल्या गेल्या, ही तक्रार होतीच. आणि पॅनलमध्ये, म्हणजे तपासायच्या द्रव्यांच्या यादीत, फेंटानिल हे कृत्रिम ओपिऑइड आहे का ते वेगळं विचारा. नेहमीच्या ओपिएट (अफूपासूनच्या द्रव्यांच्या) चाचणीत ते सापडत नाही.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. ३६ हायस्कूलांवरच्या फेडरल शिक्षण खात्याच्या २०१० च्या अभ्यासात, गेल्या महिन्यात काहीतरी घेतल्याचं टेस्टिंग असलेल्या शाळांत टेस्टिंग लागू असलेल्या उपक्रमांतल्या १६ टक्के मुलांनी सांगितलं, नसलेल्या शाळांत तशाच उपक्रमांतल्या २२ टक्के मुलांनी. उपक्रमांत नसलेल्या बाकीच्या मुलांवर परिणाम दिसला नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने (बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने) तर २०१५ मध्ये असं टेस्टिंग सरसकट राबवायला विरोधच केला.

बोर्डाने तरीही लघवीच निवडली, किंवा गोळ्या-स्टिरॉइडच्या काळजीने निवडावी लागली, तर पॉलिसीत दोन ओळी घालून घ्या. पहिली: बोलावल्यावर एक ग्लास पाणी आणि एका तासाची मुदत, तेवढ्यात झालं नाही तर लाळेचं सॅम्पल घेऊन मुलाला वर्गात सोडायचं. दुसरी: 'डायल्यूट' म्हणजे निकाल नाही, त्याची कुठेही नोंद नाही, नाव पुन्हा चिठ्ठ्यांत.