औशाच्या वाटेवरची डाळ मिल : पाटी वाचून परत फिरू नका

पाटीवर लिहिलंय, ‘येथे तूर, हरभरा, मूग, उडीद यांचे द्विभाजन करून मिळेल.’ मी ते मोठ्यानं वाचलं आणि आमच्या आत्याबाई पोतं खाली उतरू देईनात. “दोनदा भाजणार? मला भाजकी डाळ नको बाई.”

गिरणीवाला हसला. “मावशी, भाजत नाही, दोन भाग करून देतो.”

“मग भरडून देतो म्हण की!”

मला आत्याबाईंचंच पटलं. डाळ हा शब्दच ‘दल’वरून आलेला, दोन फाका त्यात आल्याच. म्हणून तूर, हरभरा द्विदल, आणि ज्वारीची काही केल्या डाळ होत नाही. शाळेत अमिबाचं द्विविभाजन शिकवतात, ते ठीक आहे. तिथं एकाचे दोन जीव होतात. डाळ पेरली तर उगवतसुद्धा नाही.

असो, कामाचं सांगते. आमची तूर पांढरी, बीडीएन ७११ वाणाची, बटईच्या निम्म्या वाट्याला आलेली. त्यातली ५० किलो नेली. हरभरा पटकन फुटतो, पण तुरीचं टरफल आतल्या डिंकानं दाण्याला धरून बसतं. म्हणून इथं आधी रोलरवर खरवडतात, तेलाचा हात देतात, ऊन दाखवतात, पाणी मारून रात्रभर ठेवतात आणि मग परत रोलरवर घेतात. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी त्याच दिवशी करून घेतली होती. निम्म्या डाळीला साल तशीच, बाकी कण्याच कण्या. इथं चौथ्या दिवशी या म्हणाले आणि चौथ्या दिवशी डाळ तयार होती.

३६ किलो डाळ भरली. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, आणि टरफल वेगळं बांधून दिलं. चुनीवर आमच्या म्हशीचा हक्क. तक्रार एकच, गोटा. साल निघालेला पण न फुटलेला दाणा किलोमागं मूठभर तरी सापडतो, आणि वरणात बाकीची डाळ विरघळली तरी हा दाताखाली येतो. सांगितलं तर फुकट परत फिरवून देतात, पण सांगावं लागतं.

पोतं घरचं न्या, तिथलं खताचं असतं. संक्रांतीनंतर गर्दी फार.

पावती मिळते. तिच्यावर गिरणीवाल्याच्याच हातानं लिहिलेलं : ‘तूर भरडाई, ५० किलो, ४०० रुपये.’