जुनी पिकअप: इंजिन बांधावं की नवी घ्यावी?

नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणारी दहा-बारा वर्षांची पिकअप निळा धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली, की घरात दोन पक्ष पडतात.

माझा कौल इंजिन ठरवत नाही, चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठरवते. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड यांचं काम महागडं असलं तरी होऊन जातं. क्लचप्लेट नि स्प्रिंगच्या पाट्यांचं तर बोलायलाच नको. पण चासी आतून गंजली असेल, तर वेल्डिंगची ठिगळं भरल्या गाडीला घाटात किती साथ देणार? कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं: बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट खाली ठिबकतं. तिथे इंजिनावर पैसे घालूच नयेत.

नव्या गाडीच्या बाजूने दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शिवाय पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. उलट बाजूला हप्ता. पावसाळ्यात भाडं नसलं तरी तो चुकत नाही. आणि नव्या, बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेल गाडीचा इंजिनाच्या बिघाडाचा दिवा लागला, की गावच्या मिस्त्रीलाही आधी स्कॅनर शोधावा लागतो.

चासी धड असेल, फेऱ्या हंगामापुरत्याच असतील, तर इंजिन बांधा. रोज रात्री बाजार गाठायचा असेल, तर नवी घ्या; एक खेप वाटेत अडकली तरी माल नासतो.