डीआर सर्व्हर की कागदी तयारी? रुग्णालयाने आधी काय करावं

शंभर खाटांच्या रुग्णालयाला दोन्हींचा खर्च एकदम झेपत नाही. मग आधी काय? दुसऱ्या ठिकाणी सतत अद्ययावत राहणारा डीआर (डिझास्टर रिकव्हरी) सर्व्हर, की काढून ठेवायच्या बॅकअप डिस्क आणि कागदावर काम चालवण्याचा सराव?

सर्व्हर जळाला किंवा तळमजल्यात पाणी शिरलं, तर डीआरला तोड नाही. रॅन्समवेअरचं, म्हणजे फाइली कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं, मात्र वेगळं आहे आणि माझा कौल तिथेच फिरला. रेप्लिकेशनला, म्हणजे डीआरवर आपोआप प्रत करण्याला, चांगली फाइल आणि एन्क्रिप्ट झालेली फाइल सारखीच. इथलं नुकसान काही मिनिटांत तिकडे पोचतं. स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक वेळच्या जुन्या प्रती, असतात, पण दोन्हीकडे अॅडमिनचं खातं एकच असेल तर हल्लेखोर आधी ते स्नॅपशॉटच पुसतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर, म्हणजे नेटवर्कवरची खाती आणि परवानग्या सांभाळणारे सर्व्हर, गेले. ते एकमेकांच्या प्रती ठेवत, त्यामुळे वेगळी प्रत हाताशी नव्हती. घानामधला एक तेवढा वाचला, कारण तेव्हा तिथली वीज गेली होती. आपल्या न्हावाशेव्यातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं होतं.

कागदी तयारी स्वस्त असली तरी सोपी नाही. दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२च्या हल्ल्यानंतर बरेच दिवस ओपीडी आणि नमुन्यांची नोंद हाताने चालली. अशा वेळी पहिली चूक होते क्रमांकांत: दोन खिडक्यांवर एकच नंबर दिला जातो आणि रिपोर्ट भलत्याच रुग्णाच्या फाइलला लागतो. म्हणून प्रत्येक खिडकीला वेगळ्या अक्षराची, आधीच छापलेली नंबरांची पुस्तकं द्या. औषधांची दरयादी दर आठवड्याला छापा. फोन नंबरांची यादी कागदावरच हवी. ती बंद पडलेल्या सर्व्हरवर असून उपयोग नाही. नेटवर्कची केबल काढायचा अधिकार रात्रपाळीच्या सुपरवायझरला लेखी द्या, नाहीतर आयटीवाले फोन उचलेपर्यंत तासभर जातो. केबल काढायची, मशीन बंद करायचं नाही. बंद केलं तर मेमरीतले पुरावे जातात. सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था) सहा तासांत कळवायचं असतं, तो मसुदाही तयार ठेवा.

सराव तिमाहीला एकदा, चार तासांचा, रात्रपाळीलाही. त्याच दिवशी डिस्कवरून एक डेटाबेस खरोखर रिस्टोअर करून बघा. दोन डिस्क आलटूनपालटून वापरा. एक कायम इमारतीबाहेर.

पैसे एकाच गोष्टीला असतील तर मी आधी ही डिस्क आणि कागदाची तयारी करेन. डीआर पुढच्या वर्षी घ्या, आणि त्याचं अॅडमिन खातं मुख्य डोमेनपासून वेगळं ठेवा.