ओल्ड टॉम: घड्याळ मागे गेलं तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत

पहिली बाटली ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे जातात त्या दिवशी, उघडली आणि अर्धी सिंकमध्ये ओतून दिली. हे आधीच सांगते, कारण आज मार्च संपताना मला कुणी विचारलं तर इंग्लंडात आल्यापासून चाखलेल्या बिअरमध्ये ओल्ड टॉम मी सगळ्यात वर ठेवेन. मधल्या पाच महिन्यांत काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. इकडे नव्याने राहायला येणारी आपली बरीच मंडळी हीच चूक करतात आणि "फार गोड, फार कडक" म्हणून ती बाटली कायमची सोडून देतात.

मी स्टॉकपोर्टला राहते, मँचेस्टरच्या दक्षिणेला. गावाच्या डोक्यावरून विटांचा 27 कमानींचा रेल्वेपूल जातो, 1840 साली पुरा झालेला. त्याच्या खालून मर्सी वाहते. टेम आणि गॉइट या दोन नद्या याच गावात मिळतात आणि तिथून पुढे तिला मर्सी म्हणतात. रॉबिन्सन्स ही ब्रूअरी इथलीच. 1838 मध्ये विल्यम रॉबिन्सनने लोअर हिलगेटवरचं युनिकॉर्न इन घेतलं, तिथपासून हे घराणं या धंद्यात आहे. ओल्ड टॉम आली 1899 मध्ये. तेव्हाचे मुख्य ब्रूअर आल्फ्रेड मंटन यांनी आपल्या वहीत या बिअरच्या कृतीपाशी ब्रूअरीतल्या बोक्याचं तोंड काढून ठेवलं होतं. बाटलीवर आजही बोकाच आहे, आणि नावही त्याचंच.

बाटली 330 मिलीची, अल्कोहोल 8.5 टक्के. आकडा वाचून भारतातली 'स्ट्राँग' डोळ्यांसमोर आणू नका. ती बहुधा लागर, म्हणजे फिकट, हलक्या चवीची बिअर असते, बर्फगार करून प्यायची, जिभेला फार काही कळायच्या आत घशाखाली जाणारी. मीही तशीच सुरुवात केली. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली, मोठा ग्लास, मोठे घोट. वास जवळजवळ नव्हताच. तोंडात एक चिकट गोडी, तिच्यावर अल्कोहोलचा चटका आणि वर गॅस. चौथ्या घोटाला नको झालं.

शेजारी सत्तरीतले आजोबा राहतात. तरुणपणी ते टोप्यांच्या कारखान्यात होते. स्टॉकपोर्ट एके काळी हॅटसाठी नावाजलेलं गाव होतं. कुंपणापाशी बोलताना मी त्यांना ओतून दिलेल्या बाटलीचं सांगितलं, तर त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "लव्ह, फ्रीजमधून काढून तासभर ओट्यावर ठेव. आणि घोट घेतलास की ग्लास खाली ठेव. हातात धरून बसू नकोस." इकडे उत्तरेत दुकानदारापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे लव्ह म्हणतात, आजोबांच्या तोंडी ते शोभतंही. त्यांचा पहिला सल्ला मला लगेच पटला. दुसऱ्याचा अर्थ कळायला डिसेंबर उजाडला.

पहिला सल्ला तापमानाचा. जिन्याखालचं आमचं कपाट हिवाळ्यात साधारण 12-13 अंशांवर असतं, म्हणून बाटल्या तिथेच ठेवायला लागले. पबच्या तळघरातही कास्कची, म्हणजे पिंपातून वाढायची, एल (इकडची जुन्या पद्धतीची बिअर) एवढ्याच गारव्यात ठेवतात. ग्लास वाइनचा छोटा, वर निमुळता होणारा. ओतताना ती काळी दिसते, पण दिव्यासमोर धरली की कडेला डाळिंबाच्या सालीसारखा तांबूस रंग उजळतो. फेस कॉफीच्या दुधासारखा, बोटभर येतो आणि दोन-तीन मिनिटांत बसतो. कडेला फक्त एक पातळ कड उरते. मग नाक जवळ न्यायचं. मला पहिल्यांदा जो वास आला त्याने मी थेट आमच्या गुऱ्हाळावर गेले.

मी कोल्हापूरकडची. लहानपणी काकांच्या गुऱ्हाळावर आम्ही मुलं रात्री उशिरापर्यंत थांबायचो. काहिलीत रस उकळत असतो, मळी काढून झालेली असते, आणि एका घटकेला वास बदलतो. त्याआधी तो नुसता उसाचा, गवतासारखा हिरवा असतो. मग त्यात एकदम भाजल्यासारखं, जड, खोल काहीतरी मिसळतं. गुळव्या तेव्हा थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपून बघतो. त्याच्या जरासं आधी काढून घेतात ती काकवी. ओल्ड टॉमचा वास या काकवीचा आहे. त्याच्या मागे काळ्या मनुका, खजूर, थोडं पिकलेलं केळं आणि अगदी शेवटी मिरीसारखी एक टोचणी.

यात मनुका नाहीत आणि खजूरही नाही. हे सगळं बार्लीच्या मॉल्टमधून, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्यातून, आणि यीस्टमधून येतं. अशा कडक एलसाठी तेवढ्याच पाण्याला मॉल्ट पुष्कळ जास्त घेतात, त्यामुळे उकळायला जो गोड रस मिळतो तोच मुळात दाट असतो. यीस्ट त्यातली बरीच साखर खाऊन अल्कोहोल करतं, पण सगळी त्याला पचत नाही. उरते ती ही गोडी. आंबताना यीस्टच फळांसारखे वासही सोडतं, आणि इंग्लिश एलच्या यीस्टमध्ये हा गुण भरपूर. मनुका आणि टॉफीची बाजू बरीचशी खरपूस झालेल्या गडद मॉल्टची. द्राक्षाचा थेंब नसतानाही या जातीच्या बिअरला बार्ली वाइन म्हणतात, ते या कडकपणामुळे.

आता दुसरा सल्ला, ग्लास खाली ठेवण्याचा.

डिसेंबरात इथे पावणेचार-चारला सूर्य मावळतो. त्या दिवसांत रॉबिन्सन्सच्या काही पबमध्ये ओल्ड टॉम कास्कमधून मिळते. तळघरातून बिअर ओढणाऱ्या काउंटरवरच्या हँडपंपांच्या रांगेत नाही, तर काउंटरवरच आडवं ठेवलेलं एक छोटं पिंप, ज्याला पिन म्हणतात. साडेचार गॅलन, म्हणजे साधारण 20 लिटर. तोटी उघडली की वजनानेच एल खाली येते. माझ्या पुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने पाइंट, म्हणजे इथला 568 मिलीचा नेहमीचा ग्लास, मागितला तर काउंटरवरच्या बाईंनी मान हलवून अर्ध्याचा ग्लास घेतला आणि तोटीखाली तिरका धरला. ते दृश्य मला अजून दिसतं. धार करंगळीएवढीही नाही, फेस नाहीच म्हणा, बाईंची नजर ग्लासवर खिळलेली, आणि रेघेपर्यंत भरल्यावर तोटीच्या टोकाला लोंबणारा शेवटचा थेंबही त्यांनी ग्लासातच झटकला.

माझा अर्धा घेऊन मी शेकोटीजवळ बसले. पहिला घोट घेतला आणि तेवढ्यात फोन आला, म्हणून ग्लास टेबलावर ठेवून बाहेर गेले. बोलता बोलता तोंडात काहीतरी बदलत असल्याचं जाणवलं. गोडी ओसरली होती आणि जिभेच्या मागच्या बाजूला, पार घशापाशी, भाजलेल्या मेथ्यांसारखा कडवटपणा हळूहळू वर येत होता. स्वच्छ, कोरडा कडू. आत येऊन दुसरा घोट घेतला तो त्या कडूवर पडला आणि काकवी पहिल्यापेक्षा दुप्पट चांगली लागली.

त्या संध्याकाळी मला ही बिअर कळली. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा कडूपणा उशिरा येतो आणि रेंगाळतो. त्याला यायला वेळच दिला नाही, घोटावर घोट घेत राहिलं, तर प्रत्येक नवी गोडी त्याला दाबून टाकते आणि तुमच्या पदरी पडतो तो नुसता पाक. ऑक्टोबरात माझं तेच झालं होतं. ज्यांना ही फार गोड वाटते त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की दोन घोटांत पाच मिनिटं जाऊ द्या. मी आता एका बाटलीला तासापेक्षा जास्त लावते, आणि शेवटचा तिसरा हिस्सा, तोवर ग्लास खोलीएवढा कोमट झालेला असतो, तो मला सगळ्यात आवडतो.

कास्क आणि बाटली यांत मी कास्कला वर ठेवते. गॅस कमी, त्यामुळे अंगाला मऊ, आणि मनुका जास्त मोकळ्या. 'कॅम्रा' ही अस्सल एलसाठी 1971 पासून झटणारी ग्राहकांची संघटना. तिच्या हिवाळी बिअरच्या राष्ट्रीय स्पर्धेत ओल्ड टॉम 2000 आणि 2005 अशी दोनदा पहिली आली, ते उगाच नाही. पण पिन सगळीकडे, सगळ्या वेळी नसते, आणि बाटलीत चवीचा नव्वद टक्के भाग मिळतो असं माझं मत.

खाण्याबरोबरचे माझे प्रयोग. स्टिल्टन चीज उत्तम, त्याचा खारटपणा आणि निळ्या बुरशीची तिखट धार या गोडीपुढे टिकते. ख्रिसमसच्या फळांच्या केकबरोबर इथले लोक पितात, मला ते जड होतं. संक्रांतीला मोठ्या आशेने गुळपोळी घेऊन बसले, पण गुळावर गूळ झाला आणि दोन्हीची मजा गेली. खरी जोडी सापडली ती दिवाळीच्या उरलेल्या डब्यात, चकली. भाजणीची चकली. भाजणीत धान्यं खमंग भाजलेली, मॉल्टमध्येही धान्यच भाजलेलं, वर मीठ, तीळ आणि थोडं तिखट. चकलीचा तुकडा, मग एक घोट, आणि मग गप्प बसायचं. आईने पाठवलेला डबा जानेवारीपर्यंत पुरवला तो यासाठीच.

फेब्रुवारीत घरी गेले तेव्हा सहा बाटल्या सामानातून नेल्या. भारतात येताना माणशी दोन लिटरची मुभा आहे आणि सहा बाटल्यांचे होतात 1.98 लिटर, अगदी मापात. कोल्हापुरात दिवसाच्या उन्हात ही बिअर पिववत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. अंग जड होतं, गोडी घशात बसते. मग रात्री गुऱ्हाळावर, गार वारा सुटल्यावर, दादाला दिली. त्याने एक घोट घेतला, काहिलीकडे बघत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "काकवी हाय की गं ही. पण चटका लागलाय. शेवटाला कडू येतंय बघ." मला जे कळायला दीड महिना लागला ते त्याने पहिल्या घोटात पकडलं. गूळ जरा जास्त आटला, लागला, की असाच कडवट होतो, आणि गुऱ्हाळवाल्याची जीभ त्याच चवीच्या पाळतीवर असते. मी त्याला हॉप्सबद्दल सांगितलं, की ही फुलं मुद्दाम घालून उकळतात आणि कडूपणा त्यातून उतरतो, नाहीतर एवढी गोडी कुणाला पेलणार नाही. त्याने उरलेली बाटली सावकाश संपवली. वहिनीने एक घोट चाखून नको म्हटलं, तिला मिरीची टोचणी आवडली नाही.

एक बाटली मात्र वाईट निघाली. कोपऱ्यावरच्या एका दुकानात हीटरच्या शेजारच्या फळीवर ठेवलेली, तारीख उलटून गेलेली, मी न बघता घेतली. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास. बिअरमध्ये हवा आणि ऊब यांनी होतं ते असं. घेताना तारीख बघा आणि उबेत ठेवलेली बाटली घेऊ नका.

ठेवून देण्याबद्दल. नोव्हेंबरची एक बाटली मी काल उघडली. चार-साडेचार महिन्यांत मला काही फरक जाणवला नाही. तळाशी यीस्टचा गाळही नव्हता. वर्षानुवर्षं ठेवून चव कशी बदलते ते बघायचं असेल तर लंडनच्या फुलर्सची व्हिंटेज एल घ्या. तीही 8.5 टक्के, 1997 पासून दर वर्षी नवी काढतात आणि बाटलीत जिवंत यीस्ट असतं. मला तिच्यात संत्र्याच्या मुरंब्याची चव लागते. छान आहे, पण तिचा कडूपणा आधीच समोर येतो, त्यामुळे वाट बघायचं सुख तिच्यात नाही. हलकं काही हवं असेल तर यॉर्कशरची थीकस्टन ओल्ड पेक्युलियर, 5.6 टक्के, साधारण याच वळणाची.

मोजमाप सांगायलाच हवं. एका बाटलीत 2.8 युनिट (अल्कोहोल मोजायचं इथलं माप) आणि पबच्या अर्ध्यात 2.4. इथला सरकारी सल्ला आठवड्याला 14 युनिटच्या आत राहण्याचा आहे, म्हणजे पाच बाटल्यांत आठवडा भरतो. मी आठवड्यात दोन घेते, एकाच दिवशी कधीच नाही, आणि त्या रात्री गाडीला हात लावत नाही. पबमधून घरी चालत किंवा बसने. एरवीच्या पाइंटच्या सवयीने ही प्यायला जाल तर दुसऱ्या ग्लासानंतर उठताना कळेल.

गेल्या रविवारी घड्याळ पुढे गेलं. काल संध्याकाळी साडेसातला बाहेर अजून उजेड होता, कुंपणापलीकडे आजोबा गवत कापत होते, आणि मी मघाशी सांगितलेली ती नोव्हेंबरची बाटली घेऊन मागच्या पायरीवर बसले होते. वास तोच, काकवी तीच, कडूही आला वेळेवर. पण अर्ध्यात ग्लास बाजूला ठेवला, तो परत उचलावासा वाटला नाही. आजोबांनी कुंपणावरून बघितलं आणि म्हणाले, "आता ऑक्टोबरात, लव्ह." उरलेल्या दोन बाटल्या जिन्याखालच्या कपाटात मागे सरकवून ठेवल्या आहेत.