बस्टर कीटनच्या मूकपटांचा ब्लू-रे संच: आठ महिन्यांनंतर

पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसती तक्रारच लिहिली असती, म्हणून मुद्दाम थांबले. आता आठ महिने झालेत. छोटे-मोठे मिळून बहुतेक सगळे चित्रपट आमचे किमान दोनदा बघून झालेत, काही तर पाच-सहा वेळा.

तरी तक्रार आधी सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे अडकायला नकोत. ब्लू-रेला विभागाचं कुलूप असतं. माझा संच अमेरिकेतला, 'ए' विभागाचा. आपल्याकडचे प्लेअर 'सी' विभागाचे. विकणाऱ्याने हे कुठेही लिहिलं नव्हतं, उलट विचारल्यावर 'सगळीकडे चालतं' म्हणून सांगितलं. डिस्क घातली तर पडद्यावर फक्त सूचना. परत घ्यायलाही तो तयार होईना. शेवटी सगळे विभाग चालवणारा प्लेअर वेगळा घ्यावा लागला. तेव्हा खोक्यावरचा विभाग बघितल्याशिवाय मागवू नका. डीव्हीडी घेणार असाल तरी तेच, फक्त तिथे अमेरिकेचा विभाग १ आणि भारताचा ५.

आपल्याकडे मूकपटातला विनोद म्हटलं की चार्लीच डोळ्यांसमोर येतो. मीही त्याच्यावरच वाढले, आणि तो मला आजही तितकाच प्रिय आहे. कीटनचं नाव नुसतं ऐकून होते. जन्म १८९५चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. आई-वडील रंगमंचावर करमणुकीचे खेळ करायचे आणि हा अगदी लहानपणापासून त्यांच्या खेळात. वडील त्याला उचलून चक्क फेकायचे. धरायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीवर मूठ शिवलेली असायची. आपण हसलो की लोक कमी हसतात, हे त्या पोराला तिथेच कळलं. तो गंभीर चेहरा मग जन्मभराचा झाला. पडायचं कसं, हेही तो तिथेच शिकला, आणि त्याच्या चित्रपटांचा सगळा पाया तोच आहे.

संच घेतला तो सासूबाईंसाठी, मी त्यांना आईच म्हणते. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना खूप कमी ऐकू येतं. कानाला यंत्र आहे, पण टीव्हीचा आवाज त्यातून खरखरत येतो. मालिका बघताना त्या दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "काय म्हणाला गं?" मी सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, मग बाहेरच्या खोलीत येऊन बसणंही सोडलं. मला ते फार लागायचं.

पहिल्या शनिवारी 'वन वीक' लावला. १९२० सालचा, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. नव्या जोडप्याला लग्नात घर भेट मिळतं, पण सुटं, खोक्यांत भरलेलं. खोक्यांवरच्या आकड्यांप्रमाणे भाग जोडायचे. नवरीवर नाराज असलेला एक जण ते आकडे बदलून ठेवतो. घर उभं राहतं ते वाकडंतिकडं. वादळात ते भिंगरीसारखं गरगर फिरतं. त्यासाठी सगळं घरच फिरत्या चाकावर उभारलं होतं. शेवटी कळतं की प्लॉटच चुकला. घर ओढून नेताना नेमकं रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते, दोघं डोळे मिटतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. आई "हुश्श" म्हणाल्या, आणि त्याच क्षणी उलट्या दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करते. आई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याकडेच बघत राहिली. आजीला असं हसताना तिने आधी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही तिघी एकाच वेळी हसत होतो, कुणी कुणाला काही सांगायची गरज नव्हती.

मधल्या मजकुराच्या पाट्या इंग्रजी आहेत. मुलगी त्या मराठीत सांगते, आजीच्या तोंडासमोर येऊन, म्हणजे ओठांवरून कळतं. कीटन पाट्या फार कमी वापरतो, त्यामुळे तिचीही दमछाक होत नाही.

पुन्हा पुन्हा बघूनही हे का शिळं होत नाही, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते, कीटन काहीही लपवत नाही. कॅमेरा लांब ठेवतो, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसतो, जागा दिसते, धोका दिसतो. पहिल्यांदा आपण हसतो. दुसऱ्यांदा 'हे केलं कसं' म्हणून बघतो आणि पुन्हा हसतो. 'द जनरल' (१९२६) मधला एक प्रसंग आम्ही कितीदा मागे नेऊन पाहिला असेल! शत्रूने रुळांवर लाकडी स्लीपर टाकलेत. कीटन चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, हातात एक जड स्लीपर. समोर दुसरा आडवा, एक टोक रुळावर. तो हातातला स्लीपर नेमका त्या टोकावर आपटतो आणि दोन्ही स्लीपर बाजूला उडतात. नेम चुकला असता तर? याच चित्रपटात जळत्या पुलावरून खरं इंजिन नदीत कोसळतं, ओरेगॉनमध्ये चित्रित झालेलं, एकाच टेकमध्ये. दुसरं इंजिन आणणार कुठून!

'स्टीमबोट बिल ज्युनिअर' (१९२८) मधली घराची दर्शनी भिंत तर प्रसिद्धच आहे. अख्खी भिंत त्याच्या अंगावर येते आणि तो वाचतो, कारण वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून जाते. दोन्ही बाजूंना जेमतेम काही इंचांची जागा. मी दर वेळी श्वास रोखते. आई मात्र त्याच्या पायांकडे बघतात. "तो हललाच नाही बघ," असं दर वेळी म्हणतात. 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) करताना पाण्याच्या टाकीखाली पडून त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं, आणि हे त्याला कळलं कित्येक वर्षांनी डॉक्टरांच्या तपासणीत. ते वाचल्यापासून तो प्रसंग माझ्याच्याने नुसता हसत बघवत नाही.

चित्र बहुतेक ठिकाणी स्वच्छ आहे, काही छोट्या चित्रपटांवर ओरखडे आहेत. वेगही बरा राखलाय. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, त्यामुळे चुकीच्या वेगाने दाखवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि सगळी मजा जाते. संगीत नव्याने जोडलेलं आहे. काही ठिकाणी पियानो सुरेख, एक-दोन ठिकाणी वाद्यवृंद फारच आरडाओरडा करतो.

'सेव्हन चान्सेस' (१९२५) मध्ये एका गोऱ्या नटाने तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय नोकर रंगवलाय. तो भाग मला खटकला. मुलीने विचारलं, मी थांबवून नीट सांगितलं. मुलांसोबत बघणार असाल तर आधी स्वतः पाहून घ्या. त्याच चित्रपटात टेकडीवरून शेकडो दगड त्याच्या मागे गडगडत येतात, तो भाग मात्र चुकवू नका.

मार्चमध्ये एकदा आईंच्या यंत्राची बॅटरी संपली होती. मुलगी म्हणाली, आपणही आवाज बंद करूया. त्या संध्याकाळी आम्ही 'द नेव्हिगेटर' पूर्ण शांततेत पाहिला. ओसाड जहाज, त्यावर दोनच माणसं, एकमेकांना शोधत वरखाली धावणारी. खोलीत फक्त आमच्या हसण्याचा आवाज, आणि अधूनमधून आई सांगायच्या, "आता बघा हं, आता तो जिना."

घेतलात तर 'द जनरल'पासून सुरुवात करू नका. तो मोठा आहे, युद्धाची पार्श्वभूमी समजून घ्यावी लागते. आधी 'वन वीक', मग 'शेरलॉक ज्युनिअर', तो पाऊण तासाचाच आहे. घरात कमी ऐकू येणारं कुणी असेल तर त्यांना पडद्यासमोर मधली जागा द्या, आणि पाट्या वाचायचं काम मुलांकडे सोपवा.