नाळेतील रक्त साठवून १३ महिने : अहवालातील एक रिकामा रकाना

आमच्या थोरल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे पुरेसे हिमोग्लोबिन न बनणारा आनुवंशिक रक्तविकार आहे. पुढे मूळपेशींचे प्रत्यारोपण करता यावे म्हणून त्याच्यासाठी धाकटीच्या जन्माच्या वेळी आम्ही तिच्या नाळेतील रक्त एका खासगी बँकेत साठवले आणि सुदैवाने दोघांची एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरील ओळखचिन्हे) जुळणीही झाली. गेल्या महिन्यात वार्षिक शुल्काची मागणी आली, म्हणून जुना अहवाल पुन्हा काढला. त्या रक्तातील मूळपेशी पोषक माध्यमात दोन आठवडे ठेवल्यावर त्यांच्या वसाहती (एका पेशीपासून वाढलेले पुंजके) वाढतात का, हे सांगणारा रकाना अजूनही रिकामाच होता.

सुरुवातीला माझा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. रक्त ८२ मिलिलिटरच मिळाले, म्हणून पैसे वाया गेले असे मला वाटत होते. ते मत मी आता बदलले आहे. प्रक्रियेत बहुतेक लाल पेशी आणि रक्तद्रव काढूनच टाकतात; महत्त्व उरलेल्या केंद्रकयुक्त पेशींना असते, कारण मूळपेशी त्यांच्यातच असतात, आणि आमच्या पिशवीत त्या ७७ कोटी आहेत. डॉक्टरांनी दर किलो वजनामागे निदान साडेतीन कोटी सांगितल्या, म्हणजे हा साठा २२ किलोपर्यंत पुरेल. मुलगा आज १८ किलोचा आहे. हे गणित नोंदणीच्या वेळीच कोणीतरी मांडून दाखवायला हवे होते.

गोठवण्याच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. गोठताना पेशींना जपणारे १० टक्के डायमिथाइल सल्फॉक्साइड घालून, मिनिटाला सुमारे १ अंश अशा संथ गतीने तापमान उतरवले, कारण घाई केल्यास पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होऊन त्या फुटतात. त्याचा आलेखही मागताच मिळाला. जिवाणू आणि बुरशीची तपासणी, आईच्या रक्ताच्या चाचण्या, सारे वेळेत आले.

परंतु अहवालातील ‘९६ टक्के जिवंत पेशी’ हा आकडा गोठवण्यापूर्वीचा आहे आणि रंगद्रव्याची ती चाचणी पेशीचे आवरण शाबूत आहे एवढेच सांगते. ती पेशी पुढे वाढेल का, हे वसाहतींवरूनच कळते, आणि आम्हाला नेमके तेच हवे आहे. चार पत्रांना ‘गरज पडल्यास करू’ एवढेच उत्तर आले. अखेर प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ बाईंनी दूरध्वनीवर शांतपणे समजावले की पिशवीच्या नळीचे सीलबंद तुकडे तिच्यासोबतच गोठवलेले असतात, पिशवी न उघडता त्यांपैकी एक वितळवून ही चाचणी होते, मात्र तुकडे मोजकेच असल्याने ते प्रत्यारोपण ठरेपर्यंत राखून ठेवतात. हे कारण मला पटले आणि माझा निम्मा राग निवला.

उरलेला निम्मा पावतीमुळे आहे. ताज्या रक्तावरील वसाहत चाचणीचे पैसे तीत स्वतंत्रपणे लावलेले आहेत, आणि दर तीन आठवड्यांनी रक्त चढवण्याचा खर्च सोसणाऱ्या घराला ती रक्कम लहान नाही. वार्षिक शुल्क मी मुदतीत भरले, कारण पिशवीला धोका पत्करणे शक्य नव्हते. सोबत पावतीची प्रत जोडून, ती चाचणी झाली असल्यास तिचा निकाल आणि झाली नसल्यास पैसे परत, असे लेखी मागितले आहे.