छापील किट की मोजायचं? क्रॉस स्टिच घेण्याआधी थोडं

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, म्हणे मले पण क्रॉस स्टिच सुरू करायचंय, कार्टमधे दोन किट टाकून ठेवलेत, एक छापील, म्हणजे कपड्यावरच खुणा असलेलं, अन् एक कोऱ्या कपड्याचं चार्टवालं, म्हणजे कागदावरचा चौकटींचा नकाशा पाहून घरं मोजत भरायचं, कोणतं ठेवू? मी दोन्ही केलेत, त्यामुळे बोलता बोलता अर्धा तास गेला. तेच जरा नीट लिहून ठेवतो.

टाका कसा घालायचा ते सांगत बसत नाही. फुलीचा टाका आपल्याकडे काही नवा नाही, आईनं लग्नाआधी मॅटीवर भरलेले दोन पोपट अजून नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात काचेच्या फ्रेममधे आहेत.

छापीलच्या बाजूनं आधी बोलतो, कारण माझं पहिलं किट तेच होतं. वाघाचं. नागपूरकर माणूस, दुसरं काय घेणार. 11 काउंटचा कपडा, म्हणजे इंचाला 11 घरं, तीन पदर दोरा, घरं चांगली मोठी, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना बरं वाटतं. खुणा थेट कपड्यावरच, त्यामुळे चार्टकडे सारखं पाहावं लागत नाही, बातम्या ऐकत ऐकत हात चालत राहतो. पंधरा दिवसांत कान अन् कपाळ झालं सुद्धा. काही ठिकाणी छपाई घरांपासून थोडी सरकलेली होती, अन् ट्यूबलाइटमधे तपकिरी खूण कोणती अन् गडद नारिंगी कोणती ते कळत नव्हतं, पण तेवढं चालवून घेतलं.

मग मे आला. आता इथला मे काय असतो ते सांगायला नको, पारा 45 च्या आसपास, दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणजे भरतकामाला याहून चांगला वेळ नाही असं मला वाटलं अन् मी रिंग घेऊन कूलरसमोर बसलो. या छापील किटची शाई पाण्यानं जाणारी असते, काम झाल्यावर धुतलं की खुणा गायब व्हाव्यात म्हणून. पण कपड्याला काय माहीत की काम झालं की नाही! कूलरच्या हवेतला दमटपणा, वरून हाताचा घाम, तळवा टेकायचा तिथलं सगळं आधी फिकं झालं, मग पसरलं, अन् एक दिवस पाहतो तर वाघाच्या गळ्याखाली नुसता निळसर ढग. पट्टे कुठून कुठे जातात काही कळेना. किटसोबत छोटासा चार्ट आला होता तो शोधून काढला अन् गळ्यापासून खाली सगळं घरं मोजून भरत बसलो. मोजायचं टाळायला छापील घेतलं, अन् शेवटी मोजलंच, तेही डागाळलेल्या कपड्यावर. सगळ्यांना असंच होईल असं म्हणत नाही, एसीत बसून करणाऱ्यांना कदाचित काही त्रास होणार नाही. पण माझं मन तिथेच उतरलं.

पुढचं किट मोजायचं घेतलं, 14 काउंट, दोन पदर. सुरुवातीला वैताग येतो हे खरं, कपड्याची दोनदा घडी घालून मधलं घर शोधा, तिथून सुरू करा, अन् एक घर चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मी एकदा अख्खी फांदी उसवली, रात्री साडेअकराला, बायको म्हणे झोपा आता. त्यावर उपाय सोपा आहे, चार्टवर दर दहा घरांनी जाड रेघ असते तशी कपड्यावर पण दर दहा घरांनी साध्या शिलाईच्या दोऱ्यानं धावदोरा घालून घ्यायचा, काम झालं की ओढून काढायचा. एक संध्याकाळ जाते त्यात, पण नंतर चूक दहा घरांच्या आतच सापडते. घाम लागला तरी कपडा फार तर मळतो, खूण पुसली जायची भानगडच नाही. अन् टाक्यांच्या मधे थोडा कपडा दिसला तरी खाली शाई डोकावत नाही.

आकाराचं मात्र आधी बघा. 140 फुल्यांचं चित्र 14 काउंटवर दहा इंच होतं, तेच 11 वर पावणेतेराच्या जवळ जातं, अन् फ्रेमचा खर्च तिथेच वाढतो.

दोऱ्याबद्दल एकच, प्रकार कोणताही घ्या, चार्टवर डीएमसी नाहीतर अँकर या दोऱ्याच्या कंपन्यांचे रंगाचे नंबर दिलेत का पाहा. दोरा संपतो, बहुतेक वेळा बॅकग्राउंडचाच. नंबर असला की सीताबर्डीच्या बाजारात जाऊन तेवढी एक लडी आणता येते, 310 म्हणजे डीएमसीचा काळा, अँकरमधे तोच 403. किटनं स्वतःचेच 1, 2, 3 टाकले असतील तर मग दुकानात तुकडा घेऊन रंग जुळवत फिरा.

वहिनींना मी म्हटलं, दिवाळीनंतर सुरू करणार असाल अन् नुसतं हात बसवायला हवं असेल तर छोटं छापील घ्या, काही वाईट नाही. पण भिंतीवर लावायचं असेल तर चार्टवालंच ठेवा. त्यांनी काय केलं माहीत नाही, कार्ट अजून तसंच असेल बहुतेक.

हो, अन् छापीलच घेतलं तर शाई पूर्ण निघाल्याशिवाय इस्त्री अजिबात फिरवू नका, गरम झालं की ती बसूनच जाते. माझ्या वाघाच्या गळ्याखाली अजून आहे.